आधी रविवार ठरवा: आयल ऑफ मॅन बेटावरच्या छोट्या आगगाडीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा किंवा मुलगी आता मँचेस्टर, लीड्स किंवा लंडनला नोकरीला असते आणि इकडे ऊन तापू लागले की आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जातात. लंडनचा घड्याळाचा मनोरा, राजवाडा आणि लेक डिस्ट्रिक्टमधली तळी पाहून झाली की महिनाभरातच ‘आता कुठे जायचे?’ असा प्रश्न पडतो. अशा लातूर, धाराशिव, नांदेड, परभणीकडच्या मंडळींना मी गेली काही वर्षे एकच ठिकाण आग्रहाने सुचवत आलो आहे. ते म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रातले आयल ऑफ मॅन हे बेट आणि त्या बेटावर एका झाडीच्या दरीतून समुद्राच्या कड्यापर्यंत धावणारी ग्राउडल ग्लेन रेल्वे. आमची धाकटी मुलगी मँचेस्टरजवळ राहत असल्यामुळे आमचे तिथे दोनदा जाणे झाले. त्या दोन्ही फेऱ्यांत जे कळले ते येथे क्रमाने लिहीत आहे.

ही रेल्वे किती लहान आहे, हे आधी नीट समजून घ्यावे, म्हणजे अपेक्षा चुकणार नाहीत. तिची लांबी पाऊण मैल, म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटर आहे आणि दोन रुळांमधले अंतर दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर आहे. माथेरानच्या गाडीचे रूळ याच मापाचे आहेत. दरी पाहायला येणाऱ्या लोकांना समुद्रकाठच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयापर्यंत नेण्यासाठी ही गाडी 1896 मध्ये सुरू झाली. कड्याखालच्या एका खाचेत बांध घालून तिथे समुद्रसिंह आणि ध्रुवीय अस्वले ठेवली होती. त्यामुळे पहिल्या इंजिनाचे नाव ‘सी लायन’ आणि 1905 मध्ये आलेल्या दुसऱ्याचे नाव ‘पोलर बेअर’ असे ठेवले गेले. आपल्याकडची बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली, म्हणजे या दोन्ही गाड्यांच्या वयात जेमतेम एका वर्षाचे अंतर आहे. बार्शी लाइटचे रूळ अडीच फुटी होते, ती 1911 मध्ये लातूरपर्यंत आली आणि आषाढीला याच गाडीने कुर्डुवाडीमार्गे पंढरपूरला गेलेली माणसे आमच्या पिढीने घरोघर पाहिली आहेत. ज्यांनी त्या डब्यांत बसून खिडकीतून येणारी कोळशाची कणी डोळ्यांतून काढली आहे, त्यांना ग्राउडलच्या गाडीत बसल्यावर काय वाटेल ते मी वेगळे सांगायला नको.

ग्राउडलची गाडी 1962 मध्ये बंद पडली. रूळ उखडले गेले आणि इंजिने विकली गेली. 1982 पासून बेटावरच्या रेल्वेप्रेमी स्वयंसेवकांनी झाडी तोडून मार्ग मोकळा करायला आणि नवे रूळ टाकायला सुरुवात केली. ‘सी लायन’ इंजिन दुरुस्त होऊन 1987 मध्ये परत आले आणि 1992 मध्ये गाडी पुन्हा समुद्रकाठच्या जुन्या शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊ लागली. आजही ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तिकीट देणारे आणि चहा करणारे सगळे स्वयंसेवक आहेत. या एका गोष्टीवर पुढचे सगळे नियोजन अवलंबून आहे.

पहिली पायरी: रविवार

ज्यांना आठवडाभर आपापली नोकरी असते ती माणसे ही गाडी चालवतात. म्हणून ती मुख्यतः रविवारी धावते. साधारण ईस्टरपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे रविवार, ऐन उन्हाळ्यात काही बुधवारच्या संध्याकाळी आणि नाताळच्या आधी लहान मुलांसाठीच्या काही खास फेऱ्या, असा तिचा वर्षाचा क्रम असतो. त्या-त्या वर्षीचे वेळापत्रक रेल्वेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होते आणि ते पाहिल्याशिवाय बोटीचे, विमानाचे किंवा हॉटेलचे एकही तिकीट काढू नये.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण पहिल्या वेळी आम्ही सोमवारी सकाळी बेटावर उतरलो आणि शुक्रवारी परतलो. दरी पाहिली, रूळ पाहिले, बंद तिकीटखिडकी पाहिली आणि गाडी न पाहता परत आलो. ज्या गाडीसाठी समुद्र ओलांडला तीच राहिली, याची हळहळ मला पुढे वर्षभर होती. दुसऱ्या वेळी रविवार आधी ठरवला, शनिवारी दुपारी बेटावर पोहोचण्याची व्यवस्था केली आणि परतीचे तिकीट बुधवारचे काढले. नवख्या माणसासाठी शनिवार ते बुधवार हा बेत मला सर्वांत योग्य वाटतो, कारण रविवारी पाऊस आला तरी उरलेल्या दिवसांत बेटावरच्या बाकीच्या जुन्या गाड्या पाहता येतात.

महिना निवडताना एक काळजी घ्यावी. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला बेटावर मोटारसायकलींची जगप्रसिद्ध टीटी शर्यत असते. त्या दोन आठवड्यांत बोटींवर जागा मिळत नाही, खोल्यांचे भाडे कैक पटींनी वाढते आणि मुख्य रस्ते शर्यतीसाठी तासन्‌तास बंद राहतात. ऑगस्टच्या उत्तरार्धातही मोटारसायकलींच्याच दुसऱ्या शर्यतीमुळे अशीच गर्दी होते. जूनचा दुसरा पंधरवडा आणि जुलै हा काळ मला सर्वांत चांगला वाटला. त्या दिवसांत रात्री जवळजवळ दहापर्यंत उजेड असतो आणि हवाही तिथल्या मानाने उबदार असते. तिथल्या मानाने म्हणजे दुपारी सोळा-सतरा अंश, हे मात्र लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी: कागदपत्रे

आयल ऑफ मॅन हा युनायटेड किंग्डमचा भाग नाही. ते ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखालचे, पण स्वतःची संसद, स्वतःचे कायदे आणि स्वतःच्या नोटा असलेले बेट आहे. तिथल्या संसदेला टिनवाल्ड म्हणतात आणि तिची परंपरा हजार वर्षांहून जुनी असल्याचे बेटावरचे लोक अभिमानाने सांगतात. भारतीय पारपत्र असलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने दिलाशाची गोष्ट ही की, मुलाबाळांकडे जाण्यासाठी काढलेला युनायटेड किंग्डमचा अभ्यागत व्हिसा बेटावरही चालतो, कारण दोन्हींचा प्रवासी प्रदेश एकच मानला जातो. इंग्लंडहून जाताना नेहमीची पारपत्र तपासणी नसते, तरीही पारपत्र आणि व्हिसाची कागदपत्रे सोबत असावीत. व्हिसाचा अर्ज भरताना बेटावरचा मुक्काम प्रवासाच्या तपशिलात लिहावा. बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी मराठवाड्यातून मुंबई किंवा पुणे गाठावे लागते, म्हणून देवगिरी, नंदीग्राम किंवा लातूर-मुंबई एक्स्प्रेसचे आरक्षण आणि केंद्रातली वेळ यांचा मेळ आधीच बसवून ठेवावा.

बेट वेगळे असल्याचा परिणाम आणखी दोन ठिकाणी जाणवतो. प्रवास विमा काढताना पॉलिसीत आयल ऑफ मॅनचे नाव स्पष्टपणे आले आहे का, हे पाहावे. केवळ युनायटेड किंग्डमपुरती घेतलेली पॉलिसी बेटावर लागू होईल असे गृहीत धरू नये. त्याचप्रमाणे इंग्लंडचे मोबाइल सिम बेटावर गेल्यावर काही कंपन्यांच्या दृष्टीने परदेशात जाते आणि इंटरनेटचे वेगळे पैसे कापले जातात. निघण्यापूर्वी मुलांना सांगून हे तपासून घ्यावे आणि वेळापत्रक व नकाशा कागदावर छापून पिशवीत ठेवावा.

तिसरी पायरी: समुद्र ओलांडणे

बेटावर विमानाने किंवा बोटीने जाता येते. मँचेस्टर, लिव्हरपूल आणि लंडनहून विमाने रोनाल्ड्सवे येथील विमानतळावर उतरतात. तेथून राजधानी डग्लसला जाणारी बस मिळते. वेळ कमी असेल आणि बोट लागत असेल तर विमान बरे. तरीही एका बाजूचा प्रवास तरी बोटीने करावा असे मी सांगेन, कारण बेट समुद्रातून हळूहळू वर येताना दिसणे हा त्या प्रवासाचाच भाग आहे. बोटी चालवणारी आयल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनी 1830 पासून चालू आहे. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हीशम बंदरातून मोठी बोट वर्षभर जाते आणि तिला पावणेचार तासांच्या आसपास वेळ लागतो. लिव्हरपूलहून हंगामात जलद बोट असते, ती पावणेतीन तासांत पोहोचवते. जलद बोट वाऱ्यापावसात अधिक हलते आणि हवा फार बिघडली तर तिची फेरी रद्दही होते. म्हणून ज्येष्ठांना घेऊन जाताना मोठी बोट निवडावी.

पठारावर वाढलेल्या आपल्यासारख्या माणसांना समुद्राची सवय नसते. बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात, तेव्हा तिथे बसावे आणि खिडकीतून दूर क्षितिजाकडे पाहावे. मोबाइलमध्ये वाचत बसू नये. उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी घ्यावी, बोट हलू लागल्यावर घेऊन तिचा फारसा उपयोग होत नाही. माझ्या पत्नीला घरच्या आलेपाकाने चांगला आधार दिला.

विमानतळाकडून डग्लसला येताना बस एका छोट्या पुलावरून जाते. त्याला परींचा पूल म्हणतात आणि तिथून जाताना परींना नमस्कार केल्याशिवाय पुढे जाऊ नये, अशी बेटावरच्या लोकांची रीत आहे. आपण गावाच्या शिवेवर मारुतीला हात जोडतो तसेच हे आहे, म्हणून आपणही संकोच न करता हात जोडावेत.

चौथी पायरी: सामान आणि शिदोरी

कपड्यांबाबत एकच सांगणे आहे की, जाड स्वेटर एक नेण्याऐवजी पातळ कपड्यांचे तीन थर न्यावेत आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे टोपीचे जाकीट असावे. कड्यावर छत्री टिकत नाही. पायात खोबणीच्या तळव्याचे बूट असावेत, कारण दरीतल्या वाटा ओलसर आणि शेवाळलेल्या असतात. साडी नेसणाऱ्या भगिनींनी त्या दिवसापुरता सलवार-कुर्ता घातला तर दरीची उतरण आणि गाडीच्या लहानशा डब्यातली चढ-उतार दोन्ही सोपी जाईल.

खाण्याचे पदार्थ भारतातून नेताना दूध आणि मांस यांपासून केलेले काहीही ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, म्हणून पेढे, खव्याची पोळी आणि तुपातले लाडू घरीच राहू द्यावेत. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ता यांनाही नियम आहेत. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची आणि जवसाची कोरडी चटणी, येसर, भाजलेले शेंगदाणे यांना अडचण येत नाही. धपाटे मात्र तिकडे मुलीच्या घरी रविवारच्या आदल्या दिवशी करून घ्यावेत. बेटावर मासळी फार, विशेषतः धुरावलेली हेरिंग मासळी तिथली खासियत आहे. शाकाहारी माणसाला पाव, चीज, बटाटा, सूप आणि केक सगळीकडे मिळतात. पण रविवारी उघड्या असलेल्या दुकानांवर विसंबून दरीत उतरू नये.

पाचवी पायरी: डग्लसमध्ये मुक्काम

डग्लसच्या समुद्रकाठी दोन मैलांचा अर्धचंद्राकृती रस्ता आहे. त्याच्या दक्षिण टोकाला बंदर आणि वाफेच्या मोठ्या रेल्वेचे स्थानक आहे, तर उत्तर टोकाला डर्बी कॅसल येथे विजेच्या ट्रामचे स्थानक आहे. ग्राउडलला जाण्यासाठी ट्राम पकडावी लागते, म्हणून शक्य असेल तर मुक्काम उत्तरेकडच्या भागात घ्यावा. याच रस्त्यावर 1876 पासून घोड्यांची ट्राम आहे आणि हंगामात ती आजही एका टप्प्यात धावते. लहान मुले बरोबर असतील तर तिच्यात एकदा तरी बसावे.

सहावी पायरी: गाडीचा दिवस

रविवारी सकाळी न्याहारी करून, शिदोरी आणि पाण्याची बाटली घेऊन डर्बी कॅसलला यावे. मँक्स म्हणजे या बेटाचे. मँक्स इलेक्ट्रिक रेल्वे ही ट्राम 1893 मध्ये सुरू झाली तेव्हा तिची धाव ग्राउडलपर्यंतच होती. पुढे ती लॅक्सीमार्गे रॅमझीपर्यंत गेली. पहिल्या वर्षीच्या 1 आणि 2 क्रमांकाच्या गाड्या आजही त्याच मार्गावर धावण्याच्या स्थितीत आहेत आणि आपल्या मूळ मार्गावर चालणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या ट्रामगाड्यांत त्यांची गणना होते. उघड्या बाजूंचा डबा मिळाला तर वाऱ्याची तमा न बाळगता त्यातच बसावे. कंडक्टरला ‘ग्राउडल’ असे आधीच सांगून ठेवावे. स्थानक लहान आहे आणि सव्वादोन मैलांचा प्रवास बोलता बोलता संपतो.

उतरल्यावर गाडी कुठेच दिसत नाही, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो. ती खाली दरीत आहे. रस्त्याच्या कडेने दरीत उतरणारी पायवाट धरावी, ओढ्याच्या आवाजाच्या दिशेने खाली यावे आणि झाडीतून दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालत राहावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी काठी जरूर आणावी. येताना हीच चढण चढायची आहे, हे मनात ठेवून शक्ती राखावी. चाकांच्या खुर्चीवर असणाऱ्यांनी रेल्वेला आधी कळवून सोय विचारावी. आमच्या बालाघाटच्या डोंगरात पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर ओढ्याला पाणी दिसत नाही. इथे ऐन जुलैत खळाळते पाणी, ओल्या नेच्याची दाटी आणि उंच झाडांतून झिरपणारे हिरवे ऊन पाहून माझी पत्नी वाटेतच एका दगडावर बसली आणि म्हणाली, “मला गाडी नाही दिसली तरी चालेल.” तिला बसू द्यावे आणि आपण पुढे जाऊन तिकिटे काढावीत, असे मी ठरवले आणि तसेच केले.

झाडीतच लेन कोआन हे स्थानक लागते. मँक्स भाषेत या नावाचा अर्थ एकाकी दरी असा आहे. तिकीट खिडकीवरच मिळते. बेटावरच्या सरकारी रेल्वे आणि बसेससाठी काही दिवसांचा एकत्रित पास मिळतो आणि तो फार सोयीचा आहे, परंतु ग्राउडलची गाडी स्वयंसेवकांची असल्याने तिचे तिकीट वेगळे काढावे लागते. थोडी सुटी रोकड जवळ ठेवावी. तिकिटाशिवाय मदतीची पेटीही असते. त्या पेटीत काही टाकावे, असे मी मनापासून सांगतो, कारण कोळसा, रंग आणि रुळाखालची लाकडे त्यातूनच येतात.

गाडी उभी असताना लगेच डब्यात जाऊन जागा धरण्याची आपली सवय येथे सोडावी. दहा मिनिटे इंजिनापाशी उभे राहावे. ‘सी लायन’ स्टॅफर्डच्या बॅगनॉल कारखान्यात याच मार्गासाठी घडलेले इंजिन आहे. ते इतके लहान आहे की आपण त्याच्या धुराड्याकडे जेमतेम मान वर करून पाहतो. प्रत्येक रविवारी तेच जोडलेले असेल असे नाही. ‘पोलर बेअर’च्या धर्तीवर स्वयंसेवकांनी अलीकडे घडवून घेतलेले ‘ब्राउन बेअर’ही असू शकते. आम्ही गेलो तेव्हा एक वयस्क गृहस्थ लांब नळीची तेलाची बुधली घेऊन एकेका सांध्याशी वाकत होते, दोन थेंब सोडत होते आणि ओघळलेले तेल लगेच चिंधीने टिपत होते. चाकाच्या मागच्या एका सांध्यापाशी त्यांचा हात पोहोचेना, तेव्हा ते ओल्या खडीवर गुडघा टेकून बसले आणि ते एक ठिकाणही त्यांनी सोडले नाही.

फायरमनचे काम पाहणे तर मला सर्वांत मोलाचे वाटते. भट्टीचे दार क्षणभर उघडते, लहान फावड्याने थोडाच कोळसा आत कोपऱ्यांकडे पसरला जातो आणि दार लगेच मिटते. चुलीत जळण कोंबले की धूर होतो आणि भाकरी कच्ची राहते, हे आपल्या घरातल्या बायकांना जसे हाताने कळते, तसेच येथेही आहे. एकदम जास्त कोळसा पडला तर धुराड्यातून काळा लोट निघतो आणि वाफेचा दाब घसरतो. पातळ करडा धूर दिसत असेल तर आग बरोबर लागली आहे असे समजावे. मग इंजिनाला पाणी भरतात. नळी टाकीत सोडून एक तरुण मुलगी पातळीकडे लक्ष ठेवून उभी होती आणि पाणी काठाशी येताच तिने थेंबही न सांडता नळ बंद केला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी आम्ही लातूरकरांनी प्यायले आहे. त्यामुळे रेल्वेपाशी असे जपून हाताळलेले पाणी पाहिले की मी अजूनही थबकतो. छायाचित्रे जरूर काढावीत, मात्र पिवळ्या रेषेच्या किंवा दोरीच्या पलीकडे जाऊ नये आणि तापलेल्या पत्र्याला हात लावू नये. प्रश्न विचारले तर ही माणसे आनंदाने उत्तरे देतात, फक्त गाडी सुटण्याच्या आधीची दोन-तीन मिनिटे त्यांना त्यांच्या कामासाठी सोडावीत.

डब्यात बसताना समुद्र कोणत्या बाजूला दिसेल, हे गार्डला विचारून बसावे. डबे अरुंद असतात, हात आणि मुलांची डोकी आत ठेवावीत. शिट्टी होते, जोडाचा हलका हिसका बसतो आणि इंजिन दरीतून चढ चढू लागते. त्याचे धापा टाकणे झाडीत घुमते आणि वाफेचे पुंजके फांद्यांत अडकून मागे राहतात. मग एकाएकी झाडे संपतात आणि गाडी उघड्या कड्यावर येते. एका बाजूला गवताचा उतार, दुसऱ्या बाजूला थेट खाली समुद्र. हा क्षण काही सेकंदांचाच असतो, म्हणून पहिल्या फेरीत मोबाइल खिशात ठेवावा. चित्रे परतीच्या वाटेवर घेता येतात.

शेवटचे स्थानक सी लायन रॉक्स. इथे सर्वांनी खाली उतरावे. लगेच परत निघणाऱ्या गाडीत बसून राहणारे पुष्कळ प्रवासी आम्ही पाहिले आणि त्यांचे काय राहून गेले ते त्यांना कळलेही नसेल. इंजिन डब्यांपासून सुटून दुसऱ्या टोकाला कसे येते ते पाहावे, खालच्या खाचेत जुन्या प्राणिसंग्रहालयाच्या बांधाचे अवशेष शोधावेत आणि मग चहाच्या खोलीत जाऊन बसावे. तिथे घरी केलेले केक मिळतात. आता इथे पिंजऱ्यातले प्राणी नाहीत, परंतु खडकांवर मोकळे सील दिसतात आणि नशीब असेल तर समुद्रात डॉल्फिनही दिसतो. आम्ही कठड्याजवळच्या बाकावर धपाटे आणि चटणी सोडून बसलो. शेजारच्या बाकावरच्या एका मँक्स आजींनी वास आल्यावर विचारले, तेव्हा त्यांना एक धपाटा दिला. तिखट लागले तरी त्यांनी तो पूर्ण संपवला. एखादी गाडी सोडून पुढच्या गाडीने परतावे, पण शेवटची फेरी किती वाजता आहे हे उतरतानाच गार्डला विचारून ठेवावे. ती चुकली तर कड्याच्या वाटेने चालत परतावे लागते.

बेटावर धुके अचानक उतरते. मानानान नावाचा समुद्रदेव परक्यांपासून बेट लपवण्यासाठी आपली शाल पांघरतो, अशी तिथली श्रद्धा आहे. कड्यावर असताना शाल पडली तर पायवाट सोडून कुठेही जाऊ नये, स्थानकावरच थांबावे.

सातवी पायरी: उरलेले दोन दिवस

सोमवारी वाफेच्या मोठ्या रेल्वेने डग्लसहून पोर्ट एरिनला जावे. हा मार्ग 1874 चा, तीन फुटी रुळांचा आणि सुमारे पंचवीस किलोमीटरचा असून प्रवासाला तासभर लागतो. मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यातली जुनी इंजिने इथे अजून कामावर आहेत. डबे जुन्या पद्धतीचे, प्रत्येक खणाला वेगळे दार असलेले आहेत. त्यांत एका खणातून दुसऱ्यात जाता येत नाही आणि शौचालयही नाही, म्हणून स्थानकावरच जाऊन यावे. वाटेत कॅसलटाउनला उतरून मध्ययुगीन किल्ला पाहावा आणि पोर्ट एरिनला रेल्वेचे छोटे संग्रहालय आहे ते चुकवू नये.

मंगळवारी ट्रामने लॅक्सीला जावे. तिथे 1854 मध्ये खाणीतले पाणी उपसण्यासाठी बांधलेले साडेबहात्तर फूट व्यासाचे पाणचक्र आहे, ‘लेडी इझाबेला’ या नावाने ते ओळखले जाते. मोट आणि रहाट पाहिलेल्या माणसाने त्याच्यासमोर थोडा वेळ उभे राहावे. लॅक्सीहूनच 1895 ची स्नेफेल पर्वत रेल्वे 621 मीटर उंचीच्या शिखरावर जाते. उतारावर गाडी धरून ठेवण्यासाठी तिच्या दोन रुळांच्या मधोमध तिसरा, आडवा पकडता येईल असा रूळ आहे. गाडीच्या खालून वाकून तो जरूर पाहावा. स्वच्छ दिवशी वरून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स दिसतात. ढग असतील तर मात्र वर केवळ थंडी मिळते, म्हणून चढण्यापूर्वी खालूनच शिखर दिसते का ते पाहावे आणि दिसत नसेल तर तिकीट दुपारवर टाकावे.

बेटावरच्या नोटांचे मूल्य ब्रिटिश पौंडाइतकेच असते आणि ब्रिटिश नोटा बेटावर सहज चालतात, पण बेटाच्या नोटा इंग्लंडच्या दुकानांत घेत नाहीत. बुधवारी बोटीवर चढण्यापूर्वी त्या खर्चून टाकाव्यात किंवा बँकेत बदलून घ्याव्यात. आम्ही त्यांतली एक पौंडाची एक नोट नातवासाठी ठेवली आणि उरलेल्यांची बंदराजवळच्या दुकानातून कोळशाच्या इंजिनाची दोन चित्रे आणली. एक मुलीकडे आहे, दुसरे लातूरच्या घरात बार्शी लाइटच्या जुन्या छायाचित्राशेजारी लावले आहे.